दोन प्रकारची शून्यं

शेवटी ‘फेऱ्या’ गेल्या. एकतिसाव्या खेपेला.

शर्वरीनं पडद्यावरची यादी पुन्हा एकदा वाचली. त्रेचाळीस गोष्टी घेऊन ती बसली होती. एकेक वगळत आता बारा उरल्या होत्या, आणि त्या बारांत ‘फेऱ्या’ नव्हत्या. मांडीवर रेवा झोपली होती, तोंड अर्धवट उघडं, मूठ आईच्या कुर्त्यात अडकलेली. साडेचार महिन्यांची ही बाई दुपारी बरोब्बर चाळीस मिनिटं झोपायची. तेवढा वेळ शर्वरी संख्याशास्त्रज्ञ असायची, एकेचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा आई.

गोष्ट दोन हजार एकोणचाळीस सालची. बाळंतपणात जीव जाणं आता जवळजवळ थांबलं होतं, पण बाळंतीण घरी आल्यावर तिच्या मनाचं काय होतं हे कुणाच्या रजिस्टरात येत नव्हतं. म्हणून ‘सोबत’ नावाची योजना निघाली. तीन जिल्ह्यांतल्या सहा हजार दोनशे घरांत सातव्या महिन्यातच भिंतीवर एक यंत्र बसवलं गेलं. बटाट्याएवढं, पांढरं, नाव ‘कानोसा’. ते शब्द ऐकत नसे, साठवतही नसे. फक्त मोजायचं. घरातली बाळंतीण बोलली, त्यावर दुसरं कुणी मोठं माणूस बोललं, की झाली एक फेरी. फोनमधून आलेला आवाज मोजायचा नाही, कारण त्या आवाजाला घरात अंग नसतं. बाळ झाल्यापासून तीन महिने रोजच्या फेऱ्या मोजायच्या आणि चौथ्या महिन्याच्या शेवटी बाईला एकटं गाठून दहा प्रश्न विचारायचे. त्या उत्तरांतून निघायचा तिचा ताण-अंक. शून्य म्हणजे मजेत, तीस म्हणजे बुडत चाललेली.

पण राज्यभरच्या बायकांना एकटं गाठून कोण विचारणार? शेजारी सासू बसलेली असताना कुठली सून खरं बोलेल? तेव्हा न विचारताच अंक आधी सांगता आला पाहिजे, आणि ज्यांचा अंक चढा येईल त्यांच्या घरी रोज दोन तास एक ‘सोबतीण’ पाठवायची. सोबतिणी मोजक्या, घरं अफाट. हे भाकीत करणारं सूत्र बांधायचं काम शर्वरीकडे होतं. वरून अट अशी, की सूत्रात सातच गोष्टी हव्यात. उपकेंद्रातल्या परिचारिकेला भरता आल्या पाहिजेत.

याला रिग्रेशन म्हणतात. वय, शिक्षण, कितवं बाळ, रक्तातलं लोह, घरातली माणसं, अशा बदलत्या गोष्टी, म्हणजे चल, घ्यायचे. बाकी सगळं तसंच राहून यातला एक बदलला तर अंक किती सरकतो, ते पाहायचं. आणि त्रेचाळीसातून सात कसे निवडायचे? शर्वरी नवीन मुलांना शिकवताना आमटीचं उदाहरण द्यायची. सगळे जिन्नस घालून आमटी करायची, मग एकेक काढून पुन्हा चव घ्यायची. ज्याच्यावाचून चव सर्वांत कमी बिघडली, तो बाहेर. उरलेल्यांची पुन्हा आमटी. चिंच आणि आमसूल दोन्ही असतील तर त्यातलं एक काढलं तरी आंबटपणा राहतो. यंत्राला कुणाची दयामाया नसते, आणि तेच त्याचं भूषण.

फेऱ्यांवाचून चव काडीचीही बिघडली नव्हती.

तिनं लगेच पुण्याला टिकेकर सरांना फोन लावला. हे प्रकल्पाचे प्रमुख, साठी ओलांडलेले, बोलणं कोरडं आणि माणूस सरळ.

“त्यात नवल काय,” ते म्हणाले. “फेऱ्यांचं काम ‘घरातली माणसं’ हा चल करतोय. चिंच-आमसूल. तूच शिकवतेस ना.”

“पण सर, बोलायला माणूस असणं-नसणं याचा ताणाशी काहीच संबंध नाही? हे पटतं तुम्हाला?”

“मला काय पटतं याला विचारतो कोण? चल मनानं निवडायचे नसतात, शर्वरी. मनानंच निवडायचे तर तुला पगार आणि मशीनला वीज कशाला द्यायची?”

ती हसली. फोन ठेवल्यावर तिनं एक करू नये ते केलं. तक्त्यातली स्वतःची ओळ उघडली.

चाचणीच्या काळात सोबतिणी सोडतीनं दिल्या होत्या, आणि मिरजेतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला एक लागली होती. शर्वरीची आई सात वर्षांपूर्वी गेलेली. वडील भावाकडे बंगळुरात, त्यांनाच कुणी बघायला हवं अशा अवस्थेत. सासूबाई महिनाभर राहून जयसिंगपूरला परतल्या, सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. नवरा अभिनंदन गुजरातच्या किनाऱ्यापासून आत भर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर, सहा आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. रेशनकार्डावर घरात चार मोठी माणसं.

नव्या सूत्रानं तिचा अंक वर्तवला, आठ. पदव्युत्तर शिक्षण, नोकरी, बाळाचं वजन उत्तम, घरात चार माणसं. आठ म्हणजे अगदी ठीक. तिचा खरा अंक होता एकवीस. दहा प्रश्न विचारायला आलेल्या मुलीला तिनं खरी उत्तरं दिली होती, कारण ती मुलगी अनोळखी होती आणि पुन्हा भेटणार नव्हती.

एक तारखेपासून सोबतिणी सोडतीनं नाही, सूत्रानं जाणार होत्या. आठ अंकाच्या घरी कुणी येणार नव्हतं.

*

तीन वाजता शहनाजभाभी आल्या. शहनाज मुजावर, वय पन्नाशीच्या अलीकडे, गळ्यात योजनेचं कार्ड, हातात पिशवी. चप्पल काढता काढताच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं.

“जेवलीस का न्हाई?”

“जेवले.”

“काय जेवलीस?”

शर्वरीनं बिस्किटाचा पुडा उशीमागे सरकवला.

“बिस्किट म्हंजे जेवण न्हवं, बाई. एवढी शिकलीस, कुणी सांगितलं न्हाई का तुला?” त्यांनी रेवाला उचलून खांद्यावर टाकलं. “आन् ही बघ, ही आईला खाऊन कशी टम्म झालीया. हो की न्हाई गं भवाने?”

मग भाकरी, वांग्याची भाजी, आणि जगभरच्या गप्पा. भाभींचा मुलगा हैदराबादला, सून फोन उचलत नाही, गल्लीतल्या तंतुवाद्यांच्या दुकानात यंत्रानं सतारी कोरायला लागलेत आणि त्यांचा दीर त्या यंत्राशी भांडतो. शर्वरी हसायची. दिवसभरात तिचा घसा तेव्हाच मोकळा व्हायचा. पहिलं वाक्य नेहमी थोडं खरखरीत निघायचं, बंद घराची खिडकी उघडावी तसं.

भिंतीवरचा कानोसा मात्र मख्ख असायचा. सोबतिणीच्या गळ्यातलं कार्ड त्याला ओळखू यायचं, आणि तिच्याशी झालेल्या फेऱ्या तो मोजायचा नाही. नियमच होता तसा. बाईला मुळात किती सोबत आहे ते कळायला हवं ना.

“म्हंजे आपण एवढं बोलतो, आन् ह्ये लिहितंय काय?” भाभींनी एकदा विचारलं होतं.

“शून्य.”

“मुडदा बशिवला त्येचा,” भाभी म्हणाल्या आणि कांदा चिरायला लागल्या.

भाभी गेल्यावर पाच वाजता अभिनंदनचा फोन आला. चेहरा उन्हानं रापलेला, मागे समुद्र चकाकत होता.

“काय करतीय रेवा?”

“पालथी पडते आता.”

“व्हिडिओ पाठव की. तू बरी आहेस ना?”

“आहे.”

“आवाज असा का?”

“कसा?” तिनं विचारलं. आवाज पोचायला क्षणभर लागायचा आणि तेवढ्यात दोघं एकदम बोलायची, मग दोघं एकदम थांबायची. तिला सांगायचं होतं, की मी आज माझ्याच हातानं भाभींना या घरातून काढलंय, आणि ते बरोबर आहे की चूक मला कळत नाही. पण ते सांगायला आमटीपासून सुरुवात करावी लागली असती.

“वर चढायचंय गं आता, वारा पडलाय तोवर,” तो म्हणाला. “रात्री बोलू.”

रात्री तो झोपून जायचा. त्यात त्याचा काही दोष नव्हता.

*

पुढचे चार दिवस शर्वरी स्वतःवरच पाळत ठेवून होती. फेऱ्या परत घालाव्यात असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटणं हाच गुन्हा होता. आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत चल आत-बाहेर करत बसणारे लोक तिनं पाहिले होते. तिला ते आवडत नसत. बारांचे नऊ झाले. नवांचे आठ.

पाचव्या दिवशी भाभींना यायला उशीर झाला.

“बेडगला गेलते सकाळी, वजनं घ्यायला,” त्या धापा टाकत म्हणाल्या. महिन्यातून एकदा त्यांना गावांतल्या बाळांची वजनं घ्यायला जावं लागे. “सुवर्णा न्हाई का, पाटलांची सून, आली म्हायेरास्नं. सहा म्हैने जतला हुती आईकडं. काय गोरीगोमटी होऊन आलीया. आई, मावशी, दोन भैनी, नुसता गोतावळा. पोरगी जमिनीवर ठिवायला मिळाली न्हाई म्हणे.”

“चांगलं झालं,” शर्वरी म्हणाली. तिचं लक्ष पडद्यावर होतं.

“चांगलंच की. पर घराला कुलूप हुतं ना. नवरा शेतातल्या वस्तीवर, सासू लेकीकडं. आन् तुमचं ते बटाटं बसलंय आपलं रिकाम्या घरात कान देऊन.” भाभी हसल्या. “काय ऐकलं आसंल बिचाऱ्यानं? पाली.”

शर्वरीनं मान वर केली.

“आन् आरगला ती काजल,” भाभींचा सूर खाली आला. “तिला म्हायेर असून नसल्यासारखं. मनानं लगीन केलं म्हणून बापानं दार लावलंय. नवरा ट्रकवर. मी गेले की च्या देती. मी कप खाली ठिवला की लगेच दुसरा ठिवती गॅसवर. मला कळतंय, मी जाऊ नाही म्हणून करती. माझ्या पोटात तीन-तीन कप च्या जातोय तिथं.”

“भाभी,” शर्वरीनं विचारलं, “सुवर्णाचं यंत्र तिच्याबरोबर जतला नेलं नव्हतं?”

“कसं नेणार? भिंतीत स्क्रू मारल्यात. नोंदणी सासरची, यंत्र सासरी.”

शर्वरी उठून उभी राहिली. रेवा भाभींकडे होती हे बरं झालं.

सातव्या महिन्यात यंत्र बसवायचं, सासरच्या पत्त्यावर. आणि सातव्या महिन्यातच डोहाळजेवण उरकून पहिलटकरीण माहेरी निघते. हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत. योजना आखणाऱ्यांना माहीत, यंत्र बसवणाऱ्यांना माहीत, टिकेकर सरांच्या बायकोनं आणि बहिणींनी तेच केलेलं. इतकं माहीत, की तक्त्यात लिहायचं कुणाला सुचलंच नाही. परक्या मुलखातल्या कुणी हे काम केलं असतं तर त्यानं निदान विचारलं असतं, की बाळंतीण राहते कुठे?

म्हणजे सुवर्णाच्या घरातही तीन महिने शून्य फेऱ्या, आणि काजलच्या घरातही शून्य. एक शून्य माणसांनी गजबजलेलं, फक्त दुसऱ्या गावी. दुसरं खरोखरचं. यंत्र बिघडलेलं नव्हतं, रकाना रिकामा नव्हता, म्हणून संशय यायचं कारणच नव्हतं. सूत्रानं दोन्ही शून्यं एका ढिगात घातली. ढिगातल्या निम्म्याहून जास्त बायका मजेत, बाकीच्या बुडणाऱ्या, आणि सरासरी मधेच कुठेतरी. मग रेघ आडवी न पडून जाईल कुठे? फेऱ्या असल्या काय, नसल्या काय, सारखंच, असं यंत्र सांगत होतं. त्याला सुवर्णा आणि काजल एकच बाई दिसत होती.

*

माहेरी कोण होतं हे कळायची एक वाट होती. दीड महिन्याची लस बाळाला कुठल्या केंद्रात टोचली, ही नोंद वेगळ्या फायलीत होती. ती कुणी जोडलेली नव्हती, कारण लसीच्या जागेचा ताणाशी काय संबंध? शर्वरीनं ती जोडायला घेतली. केंद्रांची नावं चार-चार तऱ्हेनं लिहिलेली, ती हातानं जुळवावी लागली. चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत नऊ दिवस गेले. एकदा रेवा मांडीवरून कीबोर्डवर वाकली आणि अख्खा जत तालुका पुसून गेला. शर्वरी रडली नाही. पुन्हा केलं.

शून्य फेऱ्यांच्या बायका होत्या अकराशे चाळीस. त्यातल्या आठशे साठ जणींच्या बाळांना लस दुसऱ्या तालुक्यात टोचलेली. उरल्या दोनशे ऐंशी.

तिनं चव्वेचाळिसावा चल केला, ‘माहेरी होती’. ज्या होत्या त्यांच्या फेऱ्या शून्य नव्हे, तर माहीत नाहीत, असं यंत्राला सांगितलं. आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक वगळायला सुरुवात केली. शिक्षण गेलं. लोह गेलं. घरातली माणसं गेली. फेऱ्या हलेनात. शेवटी सात उरले, तेव्हा त्या दुसऱ्या जागी होत्या.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिला भीती वाटली, की हे मी मला हवं म्हणून तर केलं नाही? मग तिनं स्वतःची ओळ वगळून पाहिलं. उत्तर तेच. तरी समाधान होईना. तिसऱ्या एका जिल्ह्याची माहिती मुद्दाम बाजूला कुलपात ठेवलेली होती, जिच्यावर कुणी हात चालवलेला नव्हता. सूत्र कुठल्याही फेरफाराविना त्या अनोळखी बायकांवर टाकायचं. खरं असेल तर तिथेही टिकेल.

टिकलं.

*

पुण्याहून व्हिडिओ कॉलवर टिकेकर सरांनी तक्ते दोनदा खालीवर केले. चष्मा काढला.

“माझी मुलगी बाळंतपणाला चार महिने आमच्याकडे होती,” ते म्हणाले. “आणि मला हे दिसू नये.”

“कुणालाच दिसलं नाही, सर.”

“सुंदर काम आहे, शर्वरी.” ते थांबले. “एक विचारू? राग मानू नकोस.”

“विचारा ना.”

“मिरजेच्या एक तारखेच्या यादीत तुझं नाव कितवं?”

तिला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. “अकरावं.”

“आणि फेऱ्यांवाचून?”

“नव्हतं.”

सर खुर्चीत मागे टेकले. “मला पटलंय. तुझी ओळ वगळूनही तेच येतंय, तेही पाहिलं. पण शुक्रवारी समितीपुढे मला जायचंय. तिथे अर्ध्या लोकांना कानोसा काढूनच टाकायचाय, कटकट नको म्हणून. त्यातल्या एकानं जरी म्हटलं, की बाईंनी आपल्या घरी सोबतीण यावी म्हणून चल परत घातला...”

“तर फेऱ्या जातील.”

“फेऱ्या जातील, आणि त्या दोनशे ऐंशीही. तू या कामातून बाजूला होऊ शकतेस. दुसरं कुणी पुन्हा सगळं करेल. पण शुक्रवारपर्यंत नाही.”

“किती वेळ लागेल दुसऱ्याला?”

“तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.”

केंद्रांची नावं पुन्हा जुळवायची, पुन्हा तपासायची. दोन महिने, कदाचित तीन. काजलचं बाळ आत्ताच पाच महिन्यांचं होतं.

“मी यादीतून नाव मागे घेते,” शर्वरी म्हणाली.

“घरी विचारून घे.”

“घरी कुणी नाहीये, सर.”

तिनं ते साधंच सांगितलं होतं. सरांनी मात्र चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

नाव मागे घ्यायचा अर्ज फोनवरच होता. कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. कारणं तीन होती. गाव बदललं. बाळ एक वर्षाचं झालं. गरज नाही. तिनं तिसऱ्यावर बोट ठेवलं.

*

महिनाअखेरीला तिनं भाभींना सांगितलं. रेवाला अंघोळ घालून धुरी देऊन झाली होती.

“मला आरग दिलंय म्हणाले. काजलकडं,” भाभी म्हणाल्या. “मला वाटलं हितलं बी ऱ्हाणार. हितं दुसरी येणार का?”

“नाही. मीच नको म्हटलं.”

भाभींचा हात थांबला. शर्वरीनं सगळं सांगितलं. बेडगचं कुलूप, दोन शून्यं, अकरावं नाव, समिती. भाभींनी ऐकता ऐकता रेवाला झबलं घातलं.

“बरं केलंस,” शेवटी त्या म्हणाल्या. “त्या पोरीला कुणीतरी पायजेच.” मग रेवाच्या डोक्यावर टोपडं चढवत, तिच्याकडेच बघत बोलल्या, “पर मला विचारलंस का गं? एक फेरी हुयाला दोन माणसं लागत्यात म्हणतीस ना? मग त्यातली निम्मी माझी हुती. माझं पोरगं हैदराबादला, घरात मी एकटी. माझ्या भिंतीवर कुठं हाय तुमचं बटाटं?”

शर्वरीनं सगळे चल मनात मोजले. सोबतिणींचा रकानाच नव्हता. त्रेचाळीसातही नव्हता, चव्वेचाळीसातही नाही.

“भाभी, तुम्ही रविवारी या ना. अशाच. कार्डाशिवाय.”

“रविवारी बी वाट्याला घरं दिल्यात आता. तुझ्याच सूत्रानं.” त्या हसल्या, आणि ते हसू खरं होतं म्हणून जास्त लागलं. जाताना त्यांनी भाकरीचं पीठ कुठल्या डब्यात आहे, पाणी किती कोमट घ्यायचं, सगळं दोनदा सांगितलं. जिन्यात त्यांचं बोलणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. कुणाशी बोलत होत्या कोण जाणे.

*

समितीनं सूत्र त्याआधीच्या शुक्रवारीच मान्य केलं होतं. तेव्हा सरांचा निरोप आला होता, “सातही चल तसेच. अभिनंदन.” शर्वरीनं तो नवऱ्याला पाठवला. त्यानं हसरा चेहरा पाठवला आणि लिहिलं, माझं नाव कशाला घेतलंय त्यांनी?

एक तारखेला रेवा चाळीस मिनिटं झोपून उठली. साडेतीन वाजले. शर्वरीनं भाकरी थापली, ती तव्यावर फुगली नाही, तरी उभ्यानंच खाल्ली. फायलीतले कागद लावले. धुतलेल्या दुपट्यांच्या पुन्हा घड्या घातल्या. चार वाजले तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण मोठ्या माणसाशी एकही वाक्य बोललेलो नाही.

तिनं रेवाला स्वच्छ झबलं घातलं, स्वतःचे केस बांधले आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या मजल्यावर डावीकडच्या दाराशी ती थांबली. या इमारतीत तिला दोन वर्षं झाली होती. या दारावरून रोज जाणं-येणं, आतून फोडणीचा वास यायचा, कधी बातम्या. दारावरची पाटी तिनं आज पहिल्यांदा वाचली. श्रीमती इंदुमती आवटी.

काहीतरी मागायला आल्यासारखं करावं का? विरजण? तिला विरजण नको होतं. रेवानं तोवर हात पुढे करून पाटीवरचा ‘इ’ चाचपायला सुरुवात केली होती.

शर्वरीनं बेल दाबली. आत बराच वेळ काही नाही. मग सावकाश सरकत आलेली पावलं, आणि दारामागून म्हातारा, सावध आवाज.

“कोण आहे?”

“वरच्या मजल्यावरची,” शर्वरी म्हणाली. आवाज खरखरीत निघाला. तिनं घसा साफ केला. “मगदूम. माझी मुलगी आहे बरोबर, लहान.”

“काय काम आहे?”

“काही नाही,” शर्वरी म्हणाली. “काम काहीच नाहीये. बोलायला आले.”

आत साखळी काढल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. शर्वरी उभी राहिली.